टेबलावर फाइली कमी ठेवा, रिटर्न वेळेत जातील

अठरा-एकोणीस तारखेला कुठल्याही छोट्या टॅक्स ऑफिसात डोकावा. टेबलावर गठ्ठे, गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या: ‘चालू खात्याचं स्टेटमेंट बाकी’, ‘दोन खरेदी बिलं येणार’, ‘सरांना विचारणे’. प्रत्येक फाइलीत बरंचसं काम झालेलं असतं आणि भरून झालेली फाइल एकही नसते. मग रात्री नऊपर्यंत बसणं, वीस तारखेला, म्हणजे रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, जीएसटी पोर्टलशी झटापट, आणि घाईत गेलेल्या चुका पुढचा महिनाभर निस्तरणं. यावर बहुतेक मालक आणखी एक माणूस ठेवतात. तो माणूस आणखी पंधरा फाइली उघडतो.

इथे दिलेली पद्धत उलटी आहे: एका वेळी किती फाइली उघड्या असाव्यात याचा आकडा ठरवायचा आणि तो पाळायचा. उदाहरणासाठी एक सर, तीन असिस्टंट आणि महिन्याला शंभराच्या आसपास जीएसटी फाइली असलेलं ऑफिस धरलं आहे. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत तीच.

आधी गणित

साठ फाइली उघड्या आहेत आणि ऑफिसातून दिवसाला सरासरी चार रिटर्न भरून बाहेर पडतात. म्हणजे एक फाइल उघडल्यापासून भरेपर्यंत सरासरी पंधरा दिवस जाणार. साठ भागिले चार. उघड्या वीसच ठेवल्या तर पाच दिवस. रांगांच्या गणितात याला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी तो १९६१ साली सिद्ध केला, आणि तो कारखान्याला, दवाखान्याला, टॅक्स ऑफिसला सारखाच लागू पडतो.

इथे हुशार वाचक विचारेल, उरलेल्या चाळीस फाइली गेल्या कुठे? कुठेच नाही, त्या दाराबाहेर थांबल्या. नुसत्या गणिताने क्लायंटचा एकही दिवस वाचत नाही, हे कबूल. वाचतो तो ऑफिसचा वेळ. अर्धवट फाइल फुकट पडून राहत नाही. ती परत हातात घेतली की कुठपर्यंत आलो होतो ते शोधायचं, क्लायंटच्या ‘झालं का हो?’ला उत्तर द्यायचं, मागाहून आलेल्या एका बिलासाठी अख्खी जुळवणी पुन्हा करायची. न उघडलेली फाइल यातलं काही मागत नाही. हा वेळ सुटला की दिवसाचा चारचा आकडा वर सरकतो, आणि मग क्लायंटचेही दिवस खरोखर कमी होतात.

दुसरं गणित पूर्ण भरलेल्या दिवसाचं. काम अनियमित येतं, कधी अर्ध्या तासाचं तर कधी अर्ध्या दिवसाचं. अशा ठिकाणी रांगेचं सर्वांत साधं सूत्र लावलं, तर ज्याचा ८० टक्के वेळ भरलेला आहे त्याच्याकडे नवीन काम, एका कामाला सरासरी जितका वेळ लागतो त्याच्या ४ पट वेळ नुसतं पडून राहतं. ९० टक्क्यांना ९ पट आणि ९५ टक्क्यांना १९ पट. म्हणून आठ तासांच्या दिवसात साडेसहा तासांचंच काम आखा. उरलेला दीड तास नोटिसा, पोर्टलचे नखरे आणि न सांगता टपकलेले क्लायंट खाणारच आहेत. तो आधीच बाजूला काढलेला असला की संध्याकाळ कोलमडत नाही.

मोजणी आणि तीन गठ्ठे

सुरुवात महिन्याच्या तेवीस तारखेच्या आसपास करा. मासिक ३बी (जीएसटीआर-३बी, कर भरण्याचं रिटर्न) वीसला आणि महाराष्ट्र-गोव्यातलं तिमाही ३बी बावीसला संपलेलं असतं, त्यामुळे श्वास घ्यायला जागा असते. सगळ्या उघड्या फाइली एका टेबलावर आणा. कपाटातल्या, खुर्चीमागच्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पण कुठेच न नोंदलेल्या, टॅलीत अर्धी एंट्री होऊन राहिलेल्या, सगळ्या. कागद नसलेल्या कामासाठी कोरी चिठ्ठी ठेवा. आकडा अंदाजापेक्षा जास्तच निघतो.

मग तीन गठ्ठे करा. पहिला, अर्ध्या तासात संपतील अशा. दुसरा, क्लायंटकडून काहीतरी यायचं आहे म्हणून अडलेल्या. तिसरा, खरंच बसून काम करावं लागेल अशा. पुढचे दोन दिवस नवीन फाइल उघडायची नाही, फक्त पहिला गठ्ठा संपवायचा. दुसऱ्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक क्लायंटला काय काय बाकी आहे याचा एकच पूर्ण मेसेज पाठवायचा आणि फाइल ‘कागद यायचे’ अशा खोक्यात टाकायची. ती आता उघडी धरायची नाही. तिसऱ्या गठ्ठ्यातून मर्यादेइतक्याच फाइली परत घ्यायच्या.

कागद पूर्ण, मगच फाइल

सगळ्या पद्धतीत हीच पायरी सर्वांत जड जाते आणि फायदाही हिचाच सर्वांत जास्त. अर्धे कागद आले की ‘तोवर विक्रीच्या एंट्री मारून ठेवू’ असं वाटतं. तो मोह टाळा. अर्धवट फाइलींची पैदास तिथेच होते.

प्रत्येक क्लायंटची कागदांची यादी एका पानावर छापून फाइलीच्या आतल्या बाजूला चिकटवा. नेहमीच्या व्यापाऱ्यासाठी एवढं पुरतं: विक्री बिलं किंवा बिलिंग सॉफ्टवेअरमधली एक्सेल, खरेदी बिलं, खर्चाची बिलं, सगळ्या बँक खात्यांची स्टेटमेंट, क्रेडिट-डेबिट नोटा, आणि मालवाहतुकीच्या पावत्या. ‘सगळ्या’ हा शब्द महत्त्वाचा. कॅश क्रेडिटचं स्टेटमेंट येतं आणि चालू खात्याचं विसरतं, हे दर महिन्याला घडतं. यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर तारखेसाठी चौकोन ठेवा. सगळे चौकोन भरले की फाइल ‘तयार’ रांगेत, नाहीतर ‘कागद यायचे’ खोक्यात.

क्लायंटला तुटक निरोप पाठवू नका. मेसेज असा असावा: ‘नमस्कार काका, जूनचे कागद मिळाले. चालू खात्याचं स्टेटमेंट आणि मालवाहतुकीच्या पावत्या बाकी आहेत. त्या आल्या की तिसऱ्या दिवशी रिटर्नचा आकडा कळवते.’ यात काय मिळालं, काय राहिलं आणि मिळाल्यावर किती दिवस, तिन्ही आहे. तिसऱ्या दिवसाचा शब्द मात्र पाळायला हवा. दोन महिने पाळला गेला की निम्मे क्लायंट आपणहून कागद एकत्र पाठवू लागतात. उरलेले निम्मे कधीच सुधारत नाहीत, त्यांच्याबद्दल पुढे.

बोर्ड, खण आणि मर्यादा

चार बाय तीन फुटांचा पांढरा बोर्ड पुरेसा. गूगल शीटही चालते, पण शीट बंद असते आणि बोर्ड सगळ्यांना दिसतो. पहिले तीन महिने तरी बोर्डच ठेवा. त्यावर डावीकडून उजवीकडे खण आखा.

‘तयार’: मर्यादा नाही. कागद पूर्ण झाल्याच्या तारखेने क्रम.
‘हातात’: प्रत्येक असिस्टंटच्या ३, म्हणजे एकूण ९.
‘तपासणी’: ४.
‘मंजुरी आणि चलन’: ६. क्लायंटचा होकार किंवा कर भरणं बाकी.
‘लाल’: १. ऐनवेळी आलेली तातडीची फाइल.
‘भरलं’: एआरएन नंबर (रिटर्न भरल्याच्या पोचेचा) लिहून चिठ्ठी इकडे.

बेरीज वीस. प्रत्येक फाइलीची एक चिठ्ठी, त्यावर क्लायंटचं नाव, महिना, फाइल उघडल्याची तारीख आणि कोणाकडे आहे ते. अशा चिठ्ठ्यांची पद्धत टोयोटा कंपनीत ताइइची ओनो यांनी कारखान्यासाठी बसवली होती. पुढच्या टप्प्याने मागितल्याशिवाय मागच्याने माल बनवायचा नाही, एवढंच तिचं मर्म.

माणशी तीन का, एक का नाही? एकच ठेवली तर क्लायंटच्या उत्तराची वाट पाहताना माणूस रिकामा बसतो. तीनमध्ये एक प्रत्यक्ष हातात, एक उत्तराची वाट पाहणारी आणि एक छोटी, मधल्या वेळात होणारी. चौथी कुठल्याही कारणाने नाही. वाट पाहणारी फाइल कामाचे दोन दिवस हलली नाही तर काय अडलं ते चिठ्ठीवर लिहून ती ‘कागद यायचे’ खोक्यात परत जाते आणि जागा मोकळी होते.

खरी कसोटी ‘तपासणी’च्या खणाची. तिन्ही असिस्टंट फाइली पुढे ढकलत राहतात आणि सरांच्या टेबलावर तीस साठतात, ही नेहमीची अवस्था. चारची मर्यादा लावली की पाचवी फाइल पुढे सरकत नाही, ती असिस्टंटच्या तीनमध्येच अडकते, मग असिस्टंटला नवीन घेता येत नाही. हे मुद्दामच आहे. असं झालं की असिस्टंटने मंजुरीसाठी फोन करावेत, चलन बाकी असलेल्यांना आठवण करावी, कागद स्कॅन करावेत. तरी खण मोकळा होत नसेल तर सरांचा वेळ कमी पडतो हे भिंतीवर लिहिलेलं दिसतं. सरांनी रोज सकाळी दहा ते साडेअकरा फक्त तपासणी करावी, मोबाइल बाहेरच्या टेबलावर ठेवून. ही वेळ मोडली की सगळा बोर्ड मोडतो.

कमी तपासा, पण ठरलेलं तपासा

सरांनी प्रत्येक एंट्रीवर टिक मारत बसायचं नाही. ठरलेले मुद्दे पाहायचे: पुस्तकातली विक्री, जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) आणि ३बी तिन्हीत तोच आकडा आहे का, घेतलेलं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) २बीपेक्षा, म्हणजे विक्रेत्यांच्या बिलांवरून पोर्टल बनवतं त्या यादीपेक्षा, जास्त तर नाही, वकिलाची फी आणि ट्रान्सपोर्टचं भाडं यांवर रिव्हर्स चार्ज (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा कर) लागू असेल तिथे लावला का, प्रवासी गाडी किंवा जेवणखाणाच्या बिलावरचं अपात्र क्रेडिट चुकून आलं का, क्रेडिट नोटा वजा झाल्या का, आणि मागच्या महिन्यापेक्षा आकडा पाव हिश्श्याहून जास्त हलला असेल तर का. एका फाइलीला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. भरलेलं ३बी बदलता येत नाही, चूक पुढच्या महिन्याच्या रिटर्नात दुरुस्त करावी लागते. जीएसटीआर-१ मधली चूक ३बी भरण्याआधी लक्षात आली तर १ए फॉर्मने सुधारता येते. म्हणून ही वीस मिनिटं वाचवायची नाहीत. वाचवायचं ते पुढे.

जे करायचंच नाही ते

खरेदीची जुळवणी चौदा तारखेआधी करू नका. २बी चौदा तारखेला तयार होतं. मासिक जीएसटीआर-१ भरणारे विक्रेते अकरापर्यंत बिलं टाकतात, तिमाहीवाले तेरापर्यंत. दहा तारखेला जुळवणी केली की निम्मी बिलं ‘सापडत नाहीत’ दिसतात, त्यांची यादी होते, विक्रेत्यांना फोन होतात, आणि पंधराला तीच बिलं आपोआप आलेली असतात. ते सगळं काम पाण्यात. २बीमध्ये न आलेल्या बिलाचं क्रेडिट तसंही घेता येत नाही, तेव्हा घाई कशाची?

जुळवणीतही क्रम उलटा ठेवा. बिल नंबरावरून जुळवायला गेलं की फजिती होते: विक्रेत्याने पोर्टलवर ‘एसआर/०४५’ टाकलेलं असतं, आपल्याकडे एंट्रीत नुसतं ‘४५’. म्हणून आधी जीएसटी नंबर, करपात्र रक्कम आणि कर या तीन गोष्टींवर जुळवा, नंबर उरलेल्या बिलांपुरता पाहा. रुपया-दोन रुपयांचे राउंड-ऑफचे फरक शोधू नका. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आयएमएस, म्हणजे विक्रेत्यांची बिलं स्वीकारायची किंवा नाकारायची सोय, आली आहे. तिथे एकेका बिलावर ‘स्वीकार’ दाबत बसलेली मुलं अनेक ऑफिसांत दिसतात. ज्या बिलावर काहीच कारवाई केली नाही ते स्वीकारलं असंच धरलं जातं. नाकारायची किंवा प्रलंबित ठेवायची तेवढीच हाताळा. ते चौदानंतर केलं असेल तर ३बी भरण्याआधी २बी नव्याने काढायला विसरू नका.

आता सर्वांत मोठी बचत. वार्षिक उलाढाल ५ कोटींपर्यंत असलेल्या क्लायंटला क्यूआरएमपी योजनेत नेता येतं: रिटर्न तिमाहीचं, कर महिन्याचा. वर्षाची बारा ३बी आणि बारा जीएसटीआर-१, म्हणजे चोवीस रिटर्न, आठवर येतात. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत पीएमटी-०६ चलनाने पुढच्या महिन्याच्या पंचवीसपर्यंत कर भरायचा. ठरीव रकमेचा मार्ग घेतला तर मागच्या तिमाहीत रोख भरलेल्या कराच्या ३५ टक्के. आधी मासिक रिटर्न असेल तर मागच्या तिमाहीच्या शेवटच्या महिन्यात रोख भरलेला पूर्ण कर. चलन भरूनच येतं, हिशेब करावा लागत नाही. एप्रिल ते जून तिमाहीसाठी निवड १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल या काळात करायची. बाकीच्या तिमाहींची खिडकी याच हिशेबाने.

मात्र सरसकट सगळ्यांना हलवू नका. ज्याचे ग्राहक स्वतः क्रेडिट घेणारे व्यापारी आहेत त्याच्या ग्राहकांना दर महिन्याला बिलं दिसायला हवीत. अशा क्लायंटसाठी पहिल्या दोन महिन्यांत तेरा तारखेपर्यंत आयएफएफमध्ये (तिमाहीवाल्यांसाठीच्या पोर्टलवरच्या सोयीत) बिलं टाकावी लागतात, महिन्याला ५० लाखांपर्यंत. तीन-चार मोठी बिलं असतील तर ठीक, दोनशे असतील तर मासिकच बरं. किराणा, मेडिकल, हॉटेल असे थेट गिऱ्हाइकाला विकणारे यात सर्वांत सुखात राहतात. आणि तिमाहीवाल्यांना कागद मात्र महिन्यालाच मागा. तीन महिन्यांची बिलं एकदम आली की वाचलेला वेळ व्याजासकट परत जातो.

निल रिटर्नसाठी (काहीच व्यवहार नसलेल्या काळाच्या) पोर्टल उघडायचीही गरज नाही. नोंदवलेल्या मोबाइलवरून १४४०९ या नंबरावर एसएमएस करून भरता येतं. हे क्लायंटला एकदा शिकवून टाका.

फोन आणि ओटीपी

दिवसभर फोन चालू राहिला तर वरचं काहीच टिकत नाही. क्लायंटना फोन करायच्या दोन वेळा ठरवा, साडेअकरा आणि साडेचार. येणारे फोन एकाच असिस्टंटने घ्यायचे, आठवड्याने पाळी बदलायची. त्या आठवड्यात तिच्या ‘हातात’ फाइली दोनच. क्लायंटचा ओटीपी काही मिनिटांत बाद होतो, तेव्हा भरणा एका वेळी करा. सकाळीच कळवा: ‘दादा, आज चार ते पाचमध्ये ओटीपी येईल, लगेच पाठवा.’ एका तासात सात-आठ रिटर्न निघतात. एकेकासाठी दिवसभर ओटीपीची वाट पाहिली तर चारही निघत नाहीत.

बिघडतं कुठे

पहिल्या महिन्यात बोर्ड बहुतेक ठिकाणी सरांच्याच हातून मोडतो. जुने क्लायंट समोर येऊन बसतात, आणि ‘एवढं जरा करून टाक’ म्हणून फाइल असिस्टंटच्या टेबलावर पडते. त्यासाठीच लाल खण आहे. तो रिकामा असेल तर घ्या, भरलेला असेल तर आतली आधी संपवा. असिस्टंटला हे तोंडावर बोलता यायला हवं. ‘सर, घेते. माझ्याकडे तीन आहेत, त्यातली कुठली परत ठेवू?’ यात नकार नाही, निवड सरांचीच आहे. हे वाक्य बोलल्याबद्दल एकदा जरी कोणी ओरडा खाल्ला, तरी पुढे कोणी बोलणार नाही आणि फाइली ड्रॉवरमध्ये लपू लागतील.

लपलेल्या फाइली हा दुसरा रोग. बोर्डावर नऊ आणि प्रत्यक्षात चौदा. शुक्रवारी पाच मिनिटं टॅलीतल्या अर्धवट एंट्री आणि टेबलं बोर्डाशी ताडून पाहा. सापडल्या तर रागावू नका, मर्यादा का सुटली ते विचारा. बहुतेक वेळा ‘मंजुरी’चा खण तुंबलेला असतो. मंजुरीचं उत्तर न देणारे क्लायंट ठरलेले असतात. त्यांच्याकडून आधीच लेखी घेऊन ठेवा की मागच्या महिन्याच्या आसपास कर असेल तर फोन न करता भरावं.

तिसरी गडबड रिकाम्या हातांची. असिस्टंट दहा मिनिटं बसलेली दिसली की मालकाला पगार वाया जातोय असं वाटतं आणि तो नवीन फाइल देतो. तिची फाइल पुढच्या खणात अडली असेल तर नवीन फाइल उघडल्याने काहीही लवकर होत नाही.

आणि ते न सुधारणारे क्लायंट. तीन महिने प्रत्येक फाइलीच्या चिठ्ठीवर लागलेली मिनिटं लिहा, शेवटी फीला तासांनी भागा. तळाचे पाच-सहा सहज दिसतील. कागद कायम उशिरा, फोन सर्वांत जास्त, फी सर्वांत जुनी. त्यांना दोन पर्याय द्या: फी वाढ आणि कागद पाच तारखेपर्यंत, किंवा पुढच्या तिमाहीपासून दुसरीकडे. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी, निलला २०, वर उशिरा भरलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज, आणि ते त्यांच्याच खिशातून जाणार हे त्याच मेसेजमध्ये लिहा. जाणाऱ्याला टॅलीचा बॅकअप, भरलेल्या रिटर्नच्या प्रती आणि पोर्टलचे लॉगिन तिमाही संपताना द्या, मधेच सोडू नका.

तीन महिन्यांनी फाइल उघडल्याची आणि भरल्याची तारीख यांमधले दिवस काढा, चुकीमुळे पुढच्या महिन्यात दुरुस्त कराव्या लागलेल्या फाइली मोजा. दोन्ही उतरत असतील तर ‘हातात’ची मर्यादा तीनवरून दोन करून एक महिना पाहा. माणसं वारंवार रिकामी बसू लागली तर परत तीन. जुलै आणि सप्टेंबरमध्ये इन्कम टॅक्स आणि ऑडिटची गर्दी वाढली म्हणून मर्यादा वाढवू नका. त्या कामांच्या चिठ्ठ्यांना वेगळा रंग द्या आणि त्यांना याच वीसमध्ये बसवा.